राज्य कुणावर?

आमच्या आणि चुलत भावाच्या वावरामध्ये एक बांध आहे. दोन वर्षांपूर्वी नांगरट करताना ट्रॅक्टरवाल्यानं तो हातभर खाल्ला. कुणाच्या बाजूनं खाल्ला, यावरून आम्हा दोघांची बोलाचाली बंद झाली. सरकारी मोजणी झाली, गावातली चार शहाणी माणसं बसून उठली, पण बांध काही सरळ झाला नाही. अंगण मात्र दोन्ही घरांचं एकच. मे महिन्यात मुंबई-पुण्याची पोरं आली, की सकाळपासून त्या अंगणात नुसता कालवा असतो. यंदा असाच एकदा ओटीवर सुपारी कातरत बसलो होतो आणि कानावर आलं, "ए, राज्य कुणावर?"

हातातला अडकित्ता थांबला. मी एकदम लालबागच्या चाळीत जाऊन पोचलो.

आमचं गाव पाटण तालुक्यातलं. माझे वडील अण्णा आणि त्यांचे चुलत भाऊ तात्या, दोघंही लालबागला एकाच गिरणीत साचेखात्यात होते. राहायला एकाच चाळीत, एकाच मजल्यावर. मध्ये तीन दारं. अण्णा रातपाळी करून आले, की दिवसभर झोपायचे. मग आई "आवाज करू नका रं" म्हणून आम्हाला खाली चौकात पिटाळायची. त्यामुळं आपली पोरं खेळतात कशी, हे अण्णांनी कधी पाहिलंच नव्हतं.

ते त्यांनी पाहिलं संपात. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. भोंगे मुके झाले. पहिले काही दिवस सुट्टीसारखे गेले. मग कितीतरी जण बिऱ्हाड गुंडाळून गावी गेले. जे राहिले ते गॅलरीच्या कठड्याला टेकून दिवसभर खाली बघत उभे राहायचे. आम्ही खाली खेळायचो आणि वर आमचे बाप रिकाम्या हातांनी आमच्याकडं बघत असायचे. आम्हाला आपलं बरं वाटायचं. बघणारी माणसं वाढली, एवढंच आम्हाला कळत होतं.

आई बोरमाळ गहाण टाकून आली. गावाहून एस्टीनं तांदळाचं पोतं यायचं, ते पुरवून पुरवून खायचं. दिवाळी झाली आणि एके दिवशी पहाटे तात्या डबा घेऊन गुपचूप गिरणीत गेले. दुपारपर्यंत चाळीला कळलं. अण्णा एक शब्द बोलले नाहीत. रात्री जेवताना मला म्हणाले, "त्याच्या पोराशी बोलायचं न्हाय. त्याच्या दारात जायचं न्हाय." काकूच्या आजारपणात तात्यांच्या डोक्यावर केवढं कर्ज झालं होतं, ते मला फार उशिरा कळलं. अण्णांना तेव्हाही ठाऊक असावं. पण अण्णांनी गिरणीच्या दारात शपथ घेतली होती, आणि तात्या त्याच दारातून आत गेले होते.

आम्ही पोरांनी काय केलं? दोन दिवस कट्टी केली. तिसऱ्या दिवशी डबा ऐसपैस मांडला, तर गडी कमी पडायला लागले. मग तात्यांच्या पोराला हाक मारली. त्यात मोठं मन वगैरे काही नव्हतं. खेळ होत नव्हता, म्हणून हाक मारली.

आम्ही काही गुणी पोरं नव्हतो. खोटं बोलायचो, रडीचा डाव खेळायचो, एकमेकांच्या आईबापांचा उद्धार करायचो. पण एक गोष्ट होती. खेळाआधी सगळ्यांनी तळहात उलटेपालटे टाकून सुटायचं आणि शेवटी जो उरेल त्याच्यावर राज्य. त्यानं कुरकुर केली तरी चालायची, पण राज्य घ्यावंच लागायचं. राज्य घेतलं म्हणून कुणी लहान होत नव्हतं. घटकाभरानं ते दुसऱ्यावर जायचंच. आणि कुणीच घेतलं नाही, तर डबा चौकात तसाच पडून राहणार आणि सगळे घरी जाणार.

ऐसपैसमध्ये राज्य असणाऱ्यानं लपलेल्याला ओळखून, नाव घेऊन डबा वाजवायचा असतो. नाव चुकलं की अंडं फुटलं, राज्य पुन्हा त्याच्यावरच. म्हणून आम्ही शर्ट बदलायचो. त्या दिवशी माझा चौकटीचा शर्ट तात्यांच्या पोराच्या अंगात होता आणि मी त्याचा शर्ट घालून जिन्याखाली दडलो होतो. तो नळाकडून पळत आला आणि शेवाळावरून घसरून कट्ट्यावर गुडघ्यावर आपटला. रक्ताची धार लागली.

वरून अण्णांनी चौकटीचा शर्ट पाहिला. दोन-दोन पायऱ्या गाळत ते खाली आले, पोराला पाठीमागून उचललं आणि तोंड आपल्याकडं वळवलं. तेव्हा त्यांना दिसलं. चौक गप्प झाला. गॅलरीतले सगळे खाली वाकून बघत होते, संपकऱ्यांच्या डोळ्यांदेखत अण्णांच्या कडेवर तात्यांचं पोर होतं.

पोराच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते अण्णांच्या कानाला लागून म्हणालं, "अण्णा, माझं नाव घेऊ नगा. अंडं फुटायचंय अजून."

अण्णा हसले. कित्येक महिन्यांनी मी त्यांना हसताना बघत होतो. मग त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात माझं नाव घेतलं आणि म्हणाले, "रडू नको, लई लागलं न्हाय." पोराचं तोंड आपल्या खांद्यात दडवून, नळावर नेऊन त्यांनी जखम धुतली. आईनं वरून हळदीची पुडी टाकली, ती दाबली. ज्याच्यावर राज्य होतं त्यानं माझं नाव घेऊन धाडकन डबा वाजवला. मी जिन्याखालून बाहेर आलो. अंडं फुटलं. चाळ दणाणली.

त्यानंतर अण्णा पोराला घेऊन वर गेले. पहिली पाळी संपवून आलेले तात्या दारात उभे होते. अण्णांनी पोराला उंबऱ्यात उतरवलं. तात्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. दोघंही उभे राहिले. मला वाटलं, आता कुणीतरी बोलणार. अण्णा वळले आणि आपल्या खोलीत आले. मला मात्र त्यानंतर "बोलू नको" असं ते कधी म्हणाले नाहीत.

संप रीतसर मागे घेतला असं कधी झालंच नाही. तो नुसता विरत गेला. १९८४ साली आम्ही गावी आलो. पुढं ती गिरणीही बंद पडली आणि तात्याही आले. दोघं एकाच अंगणात म्हातारे झाले. वैरणीची पेंढी एकमेकांच्या गोठ्यात टाकायचे, दुखण्याखुपण्याला पोरांना पाठवायचे, पण तोंडानं बोलले नाहीत. तात्या गेले त्या दिवशी नदीवरून परतताना अण्णा मला म्हणाले, "पोरं बरी. राज्य आलं की घेत्यात. आमच्यात कुणीच घेतलं न्हाय. दोघंबी लपूनच बसलो."

हे वाक्य मी किती जणांना सांगितलं असेल! लग्नात सांगितलं, तंटामुक्तीच्या बैठकीत सांगितलं, लोकांनी माना डोलावल्या. आणि इकडं ज्याच्याशी मी दोन वर्षं बोलत नव्हतो, तो तात्यांचा तोच पोरगा. माझा शर्ट घालून पडलेला.

अंगणात सुटणं चाललं होतं. शेवटी त्याचा नातू उरला. जरा नाक फुगवलं, मग पाठ फिरवून आकडे मोजायला लागला. बाकीची पांगली. एवढंच.

मी उठलो, चप्पल घातली आणि अंगणातून पलीकडं गेलो. तो विळ्याला धार लावत बसला होता. मी म्हणालो, "बांध तुझ्या म्हणण्यापरमानं धर. पावसाच्या आधी खुणा रोवून घेऊ." त्यानं वर पाहिलं. त्याच्या गुडघ्यावर तो जुना वण अजून आहे. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग आत बघून म्हणाला, "चहा टाक गं दोन कप."

आणि मागून पोरं ओरडली, "आजोबा, बाजूला व्हा ना! डबा दिसत नाय!"