थे तं बैलाचं औषद होतं!

पोळा होऊन आठ-दहा दिवस झाले होते. कौंडण्यपूरकडचे एक शेतकरी पोट दुखतं म्हणून माझ्याकडे आले. वय पंचावन्नच्या आसपास. मी नेहमीचा प्रश्न विचारला, "दुखण्याच्या गोळ्या घेता का?"

"नाही जी, कोनतीच गोळी घेत नाही."

मी आम्लपित्ताचं औषध लिहून दिलं. तिसऱ्या दिवशी मुलगा त्यांना धरून घेऊन आला. शौचाला डांबरासारखी काळी, लघवी कमी, चेहरा पांढराफटक. जठरातून रक्तस्राव होत होता आणि किडनीवरही ताण आला होता. तेव्हा त्यांच्या पत्नीने पिशवीतून गोळ्यांचं एक पाकीट काढलं. बैलाचा पाय लचकला होता, त्याच्यासाठी आणलेल्या गोळ्या उरल्या होत्या. गुडघे दुखतात म्हणून हे रोज एक गोळी, अर्धी सकाळी अर्धी संध्याकाळी, घेत होते.

"तुमी गोळ्या इचारल्या, डाक्टर सायेब. थे तं बैलाचं औषद होतं."

ते खोटं बोलले नव्हते. माझाच प्रश्न अपुरा होता.

पाकिटावर नाव होतं मेलॉक्सिकॅम, एका गोळीत १०० मिलिग्रॅम. हेच औषध मी माणसांनाही देतो, पण दिवसाला साडेसात, फार तर १५ मिलिग्रॅम. बैलाला ते किलोमागे साधारण अर्धा मिलिग्रॅम लागतं, म्हणजे ४०० किलोच्या बैलाला २००. कोणी म्हणेल, मग वजनाच्या हिशोबाने घ्यावं. तेही चुकतं. ६० किलोच्या माणसाचे त्या हिशोबाने ३० होतात, म्हणजे आपल्या मर्यादेच्या दुप्पट.

हे औषध प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं कमी करतं. त्यांच्यामुळे सूज आणि वेदना होते, म्हणून आराम पडतो. पण जठराचं अस्तर जपणं आणि किडनीचा रक्तपुरवठा टिकवणं हे कामही त्यांचंच. डोस वाढला की तेही संरक्षण जातं.

प्रत्येक शरीर औषध वेगळ्या तऱ्हेने पचवतं आणि बाहेर टाकतं. आपण तापात घेतो ती पॅरासिटामॉल मांजराचा जीव घेऊ शकते. पन्नाशी ओलांडलेल्यांना गावाबाहेर मेलेल्या ढोरांवर उतरणारी गिधाडं आठवत असतील. ती कमी होण्याचं मोठं कारण डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक ठरलं. गुराला त्याने आराम पडायचा, पण ते गुर मेल्यावर त्याचं मांस खाणाऱ्या गिधाडाची किडनी बंद पडायची. म्हणून २००६ मध्ये भारतात जनावरांसाठी त्यावर बंदी आली. तरी माणसांच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जातच राहिल्या. म्हणून २०१५ मध्ये माणसांचं हे इंजेक्शनही ३ मिलिलिटरच्या एका डोसपुरतं मर्यादित केलं गेलं.

बाकीच्या औषधांचंही असंच आहे. आयव्हरमेक्टिन जंतांच्या आणि गोचिडांच्या नसा लुळ्या पाडतं. जनावरांना ते कातडीखाली टोचतात, माणसांना मात्र ते गोळीच्या रूपात आणि मोजक्याच आजारांत देतात. ऑक्सिटेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक जंतूंची प्रथिनं बनू देत नाही. ते टोचलेल्या गाईच्या दुधात काही दिवस उतरतं. म्हणून पशुवैद्यक सांगतील तितके दिवस ते दूध घरीही वापरू नये आणि डेअरीलाही घालू नये.

जनावरांची औषधं वाईट नसतात. ती त्या जनावराच्या शरीरासाठी बेतलेली असतात, एवढंच.

आमचे पेशंट वाचले. रक्त चढवावं लागलं, आठ दिवस भरती राहावं लागलं, पण किडनी सावरली. पोट दुखतं म्हणाले त्याच दिवशी कळलं असतं तर इतकं झालं नसतं, ही चुटपुट माझ्या मनात राहिली आहे.

तेव्हापासून मी आणखी एक प्रश्न विचारतो, "ढोरांचं काही औषध घेतलं का?" हसू नका, खरं सांगा. आणि घरी एवढं करा: जनावरांची औषधं गोठ्याकडे, वेगळ्या डब्यात, कुलपात ठेवा. उरलेली पशुवैद्यकांना दाखवा, स्वतःवर वापरू नका. चुकून घेतलीच, तर पाकीट घेऊन लगेच दवाखान्यात या. त्या पाकिटावरच्या नावामुळे आमचा अर्धा वेळ वाचतो.