थंडीवर ढकललेला दोष

आमच्या घरात एक वाक्य वर्षानुवर्षं ठरलेलं होतं. "कोंबड्यांना थंडी बाधली." मार्गशीर्ष सरत आला की रोज सकाळी खुराड्यात एखादी कोंबडी आडवी दिसायची, आणि घरातलं कुणीतरी ते वाक्य म्हणायचं. आधी सासूबाई म्हणायच्या, त्यांच्यामागे मी म्हणू लागले. पुढे आळीतल्या बायका मला विचारायला येऊ लागल्या, तेव्हा त्यांनाही मी हेच सांगितलं. ते खोटं होतं. मला ते खोटं आहे हे ठाऊक नव्हतं, पण त्याच्या आडोशाने मी जे केलं ते मात्र मला ठाऊक होतं. म्हणून हे लिहिते आहे.

आमच्या रेवदंड्याची थंडी ती केवढी? दिवसा ऊन तिशीच्या वर. रात्री मात्र समुद्राकडून येणारा खारा वारा पडतो आणि पूर्वेकडून मतलई सुटतो. पहाटे नारळाच्या झावळ्यांवरून दव टपटपतं. पौष-माघात पारा सतरा-अठरावर येतो, कधी त्याच्याही खाली. वाडीत शिंपणं चालू असतं, त्यामुळे जमीन बाराही महिने ओलसर. माणसं शाल गुंडाळून बाहेर येतात, आणि आपल्याला वाजतं म्हणजे कोंबडीलाही वाजत असणार असं आपण धरून चालतो. कोंबडीच्या अंगात एक्केचाळीस-बेचाळीस अंश ऊब असते आणि वर पिसांची दुलई, हे मला वयाच्या पन्नाशीनंतर कळलं.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, तोवर आमच्याकडे आठ-दहा कोंबड्या आणि दोन शेळ्या, एवढाच बारदाना होता. घरच्या अंड्यांची सोय आणि पाहुणा आला तर रस्सा, यापलीकडे त्यांच्याकडून अपेक्षा नव्हती. वादळाने दुपारच्या काही तासांत वाडी भुईसपाट केली. पोफळ नव्याने लावली तर फळ धरायला सहा-सात वर्षं, नारळाचंही तसंच. तोवर खायचं काय? पडलेल्या माडांचे खांब करून मी मोठं खुराडं उभं केलं आणि चाळीस कोंबड्या केल्या. त्या वर्षांत घरातला किराणा कोंबड्यांनी भरला, हे मी कधी विसरणार नाही. म्हणूनच त्या मरायला लागल्या तेव्हा पोटात गोळा यायचा.

आता या धंद्याचं पंचांग सांगते, कारण सगळी गोम त्यातच होती. मार्गशीर्षात गुरुवार पाळणारी घरं पुष्कळ. महिनाभर कोंबडीला गिऱ्हाईक मिळत नाही, भाव पडतात. त्यातच चौलच्या दत्ताची यात्रा भरते, पाच दिवस डोंगराखाली माणसांचा पूर लोटतो. यात्रा उठली की थर्टी फर्स्ट. मुंबई-पुण्याची माणसं किनाऱ्यावर उतरतात आणि त्यांना गावठीच हवी असते. पुढे वालाच्या शेंगा भरल्या की पोपटी सुरू होते. मडक्यात भांबुर्डीचा पाला, शेंगा, अंडी, कोंबडी, आणि वरून जाळ. फेब्रुवारीपर्यंत गावठीला मागेल तो भाव.

तर मी काय करायची? भाव पडलेला असताना बाहेरच्या बाजारातून दहा-पंधरा कोंबड्या स्वस्तात आणायची, आपल्या खुराड्यात सोडायची, महिनाभर पोसायची आणि थर्टी फर्स्टला विकायची. आळीतल्या आणखी दोघी-तिघी तेच करायच्या. बाजारात पाच गावांच्या कोंबड्या एकाच डालग्यात कोंबलेल्या असतात. त्यांतली एक पेंगत असली तरी ती थकली असेल म्हणून मी घ्यायची, ती आणखी स्वस्त पडायची. आणून आठ-दहा दिवस झाले की माझ्या घरच्या कोंबड्या पडायला लागायच्या. नेमकी तेव्हाच थंडी वाढलेली असायची. दर हिवाळ्यात मर येते ही गोष्ट खरीच होती, म्हणून हिवाळाच मारतो हेही खरं असणार, असं मी मानलं.

दुसऱ्या हिवाळ्यात मी थंडीचा बंदोबस्त करायचा ठरवला. निळी ताडपत्री आणून खुराडं चारी बाजूंनी आवळून बांधलं. वरची जाळीसुद्धा गोणपाटाने बुजवली. शेळ्यांचा गोठा शेजारीच होता, तोही झाकला. आत साठ वॅटचा बल्ब लावला. आळीतल्या बायका बघून गेल्या आणि त्यांनीही ताडपत्र्या आणल्या. सकाळी दार उघडलं की आतून असा भपका यायचा की डोळ्यांतून पाणी यावं. मला वाटायचं, बंद जागेला वास येणारच. ताडपत्रीच्या आतल्या अंगाला थेंब लोंबायचे, तूस भिजून गोळा व्हायचा. कोंबड्यांच्या डोळ्यांना चिकटा आला, शेळ्या खोकायला लागल्या. त्या वर्षी पूर्वीपेक्षा जास्त कोंबड्या मेल्या. मी आणखी एक ताडपत्री आणली.

त्या दिवसांत मी जे केलं ते सरळ सांगते. मर सुरू झाली की ज्या अजून उभ्या आहेत त्या विकून मोकळं व्हायचं, ही आमच्याकडची जुनी रीत आहे. मीही तेच केलं. घेणाऱ्याला काही सांगितलं नाही. मेलेल्या कोंबड्या पिशवीत भरून खाडीच्या काठाला टाकल्या. तिथे कुत्रे आणि कावळे टपलेलेच असतात. आणि आळीच्या टोकाला एकट्या राहणाऱ्या एक काकू आहेत, त्यांनी रवणीला बसेल अशी एक तलंग मागितली होती, ती मी त्यांना दिली. पैसे घेऊन दिली. तिची विष्ठा हिरवट होती हे मी सकाळीच पाहिलं होतं. पंधरा दिवसांत काकूंच्या चौदाच्या चौदा कोंबड्या गेल्या. त्या माझ्याकडे विचारायला आल्या, आणि मी त्यांना म्हटलं, "थंडी बाधली हो काकू, यंदा कडाकाच आहे." त्यांनी मान डोलावली. माझ्याच सांगण्यावरून त्यांनी उरलेल्या पैशांतून ताडपत्री घेतली.

माझं मत बदललं ते एका प्रश्नाने. शेळी फार खोकते म्हणून सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना बोलावलं होतं. ते अंगणातून आत येताना थांबले. भर दुपारी बाराच्या उन्हात एक कोंबडी पिसं फुलवून, डोळे मिटून बसली होती. त्यांनी विचारलं, "मावशी, ही उन्हात का फुगून बसलीय?"

मी तोंड उघडलं आणि मला ते वाक्य म्हणता येईना. थंडीत कोंबडी पिसं फुलवते ती ऊब धरायला, आणि ऊन पडलं की पंख झटकून उकरायला लागते. उन्हातही जी फुगून बसते तिचं दुखणं वेगळं असतं. इतकी वर्षं मी ते रोज बघत होते.

डॉक्टरांनी तिची विष्ठा पाहिली, लोंबणारा पंख पाहिला, दुसऱ्या एकीची वाकडी झालेली मान पाहिली आणि म्हणाले, "मानमोडी दिसते." पुढे तपासणीतही तेच निघालं. हा शब्द मी ऐकला होता, पण वेगळ्या अर्थाने. १९१८ साली माणसांत इन्फ्लुएंझाची साथ आली होती, तिला जुनी माणसं मानमोडी म्हणत, आमच्या घरात तिच्या गोष्टी सांगत. कोंबड्यांची मानमोडी म्हणजे राणीखेत. इंग्लंडात न्यूकॅसलला हा रोग १९२६ मध्ये ओळखला गेला आणि आपल्याकडे त्याच सुमारास कुमाऊंतल्या राणीखेतला, म्हणून हे नाव. त्याला औषध नाही. लस आहे, आणि ती फार वर्षांपासून आहे. आजारी पक्षी, त्याची विष्ठा, डालगं, पाण्याचं भांडं, आपल्या चपला, यांच्याबरोबर तो घरोघर फिरतो. गावठी कोंबडी काटक असते, तिला लस कशाला, असं मीच दहा जणींना सांगितलेलं होतं.

मग त्यांनी मला खुराड्यात कोंबड्यांच्या उंचीला वाकायला लावलं आणि श्वास घ्यायला सांगितलं. मला घेववेना. विष्ठेतून अमोनिया सुटतो. जागा बंद आणि तूस ओलं असलं की तो तिथेच साठतो आणि कोंबडीच्या नाकाडोळ्यांना नि श्वासनळीला आतून सोलतो. मग बाहेरून आलेल्या रोगाला दार उघडंच. ताडपत्रीने मी थंडी अडवली नव्हती, ओल आणि विषारी हवा आत कोंडली होती.

त्याच दिवशी ताडपत्र्या सोडल्या. आता खुराड्याला पूर्वेच्या बाजूने, जिथून मतलई येतो, खालपासून कोंबडीच्या डोक्याच्या वरपर्यंत झावळ्यांचे झाप लावलेले असतात. त्याच्यावर छपरापर्यंत चारी बाजूंनी जाळी उघडी. वारा अंगावर येत नाही आणि कोंदट हवा वरून निघून जाते. मुंगूस शिरू नये इतकी ती जाळी बारीक. बसायला रुंद दांडी, म्हणजे पंजा पसरून बसता येतं आणि पिसांत बोटं झाकली जातात. खाली भाताच्या तुसाचा जाड थर, दर दोन दिवसांनी हलवायचा, ओला दिसला तेवढा काढायचा. झोडणी झालेली असते, तुसाला या दिवसांत तोटा नसतो.

थंडी अगदीच निर्दोष आहे असंही मी म्हणणार नाही. पिसं न फुटलेल्या पिल्लांना ती खरंच मारते. पहिले तीन-चार आठवडे त्यांना खुडूक कोंबडीचे पंख हवेत, नाहीतर बल्ब हवा. शेळीचं करडू पहाटे जन्मलं आणि ओलंच राहिलं तर ते दुपार बघत नाही. त्याला लगेच गोणपाटाने खसखसून पुसायचं, कोरड्या पेंढ्यावर ठेवायचं आणि चीक पाजायचा. शेळ्यांना मी दव सुकल्याशिवाय चरायला सोडत नाही, कारण दवाच्या ओलीने जंतांची पिल्लं गवताच्या शेंड्यापर्यंत चढतात. पण धडधाकट कोंबडीला रेवदंड्याची थंडी मारू शकत नाही.

अंडी कमी होतात त्याचंही मी थंडीवरच ढकलत होते. कोंबडी अंडं घालते ती उजेडाच्या हिशोबाने. डिसेंबरात आपल्याकडे दिवस जेमतेम अकरा तासांचा, जूनमध्ये तेरा तासांच्या वर. तेवढ्यासाठी मी काही करत नाही, तिला विसावा घेऊ देते. जवळ्याचा चुरा घालते आणि कालवांची नि तिसऱ्यांची शिंपं कुटून वेगळ्या करवंटीत ठेवते, तिला हवं तेवढं ती टिपते.

काकूंकडे जायला मला दोन महिने लागले. गेले तेव्हा सगळं सांगितलं, हिरवट विष्ठा पाहिली होती तेही. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मला वाटलं, मीच रात्री दार नीट लावलं नसेल." चौदा कोंबड्यांचं पाप त्या स्वतःच्या अंगावर घेऊन बसल्या होत्या. मी त्यांना लस दिलेल्या सहा तलंगा आणि एक कोंबडा नेऊन दिला. त्यांनी ते घेतले. पण त्यानंतर कितीतरी दिवस त्या माझ्या अंगणात आल्या नाहीत, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

लस घ्यायला गेले तेव्हा कळलं की बाटली शंभर डोसांची येते. ती बर्फात आणायची, आणि एकदा पातळ केली की दोन तासांच्या आत संपवायची. चाळीस कोंबड्यांसाठी ती फोडली तर साठ डोस वाया. काकूंकडे सहा कोंबड्या, त्यांनी कुठून आणायची? म्हणजे घरापुरती लस ही गोष्टच नाही. कोंबड्या वईखालून इकडून तिकडे जातात, एकाच उकिरड्यावर उकरतात. त्यांच्या लेखी आळीत वेगवेगळी घरं नाहीतच. हे मला त्या बाटलीने शिकवलं.

आता दिवाळीच्या आधी आम्ही घरोघर कोंबड्या मोजतो. पिल्लांना आठवड्याची झाली की लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात, महिन्याभराने पुन्हा, आणि आठ आठवड्यांवरच्यांना लस पंखाखाली टोचायची. पहाटे अंधारात, खुराडं उघडायच्या आत, म्हणजे पकडापकडी होत नाही. मार्गशीर्षात बाजारातून आणणं मी सोडलं आहे. कुणी आणलीच तर ती तीन आठवडे वाडीच्या दुसऱ्या टोकाला वेगळ्या डालग्यात. मेलेली कोंबडी खड्ड्यात, वर चुना आणि माती. एका दमात बऱ्याच मेल्या तर न विकता, न लपवता डॉक्टरांना कळवायचं. जानेवारी २०२५ मध्ये आमच्याच जिल्ह्यात, उरणजवळच्या चिरनेरला, बर्ड फ्लू निघाला आणि तिथल्या कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. तो माणसालाही होऊ शकतो. तिथे "थंडी बाधली" म्हणून भागत नाही.

ज्यांनी माझ्या सांगण्यावरून ताडपत्र्या बांधल्या, त्यातल्या बहुतेकींकडे मी जाऊन आले. ज्यांना मी मर चालू असताना कोंबड्या विकल्या, त्यातले पुष्कळ जण बाहेरगावचे, कुठल्या गावचे हेही मला माहीत नाही. त्यांच्यापैकी कुणाच्या हातात हे पडलं तर त्यांनी एवढं समजावं की तुमच्या घरच्या कोंबड्या थंडीने मेल्या नाहीत.

यंदा आळीत सत्त्याऐंशी कोंबड्या भरल्या. तेरा डोस उरत होते, म्हणून बाटली फोडायच्या आधी पलीकडच्या आळीत निरोप धाडला. उजाडायच्या आत दोघी जणी डालगी घेऊन आल्या, आणि कोंबड्या धरायला काकू होत्या.