तिसऱ्या गिअरचा आवाज

मोटरवेला घाबरणारी माणसं वेगाला घाबरतात असं सर्रास म्हटलं जातं. मला ते कधीच पटलं नाही. तळेगावात आमच्या घरापासून मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग जवळच. 2002 साली तो पूर्ण झाला, तेव्हापासून कितीतरी वेळा मी त्यावरून बाबांच्या शेजारी बसून गेले आहे, भाजलेल्या शेंगा खात, कामशेतचा बोगदा आला की काच वर करत. वेगाची भीती शिवलीसुद्धा नाही. छातीत धडधड सुरू झाली ती स्टिअरिंग माझ्या हातात आल्यावर, इंग्लंडात, आणि तीही एका ठरावीक तुकड्यावर. स्लिप रोडवर, मोटरवेत शिरायच्या जोडरस्त्यावर. एकदा मोटरवेला लागलं की खांदे खाली येतात, श्वास जागेवर येतो. त्याआधीच्या काहीशे मीटरमध्ये मात्र तळहात ओले. उजवीकडून लॉऱ्यांची रांग सरकत असते, आपली लेन पुढे निमुळती होत संपत असते आणि मनात एकच प्रश्न घोळत असतो, ह्यांनी मला आत घेतलंच नाही तर?

मी राहते ते मिल्टन कीन्स. 1967 सालापासून आखून वसवलेलं शहर, उभ्या-आडव्या रस्त्यांचं आणि पावलोपावली राउंडअबाउट असलेलं. इथल्या मोठ्या रस्त्यांवर ताशी साठ-सत्तर मैलांची मुभा आहे, म्हणजे इथे गाडी चालवणाऱ्याला वेगाचं नावीन्य नाही. तरीही माझ्या ओळखीच्या कितीतरी मराठी बायका एम-1 ह्या मोटरवेचं जंक्शन 14 वर्षानुवर्षं टाळत आल्या आहेत. रोज कामाला गाडीने जातात, मुलांना पोहायला, तबल्याच्या क्लासला सोडतात, पण लंडनला जायचं तर नवरा हवा, नाहीतर ट्रेन, नाहीतर मग वॉटलिंग स्ट्रीट ह्या जुन्या रोमन वाटेने डन्स्टेबल, सेंट ऑल्बन्स करत सिग्नल मोजत जायचं. मला ह्याचं वाईट वाटतं. कारण मैलामागे अपघात पाहिले तर ह्या देशातले सर्वांत सुरक्षित रस्ते म्हणजे मोटरवे. समोरून येणारी गाडी नाही, आडवा छेद नाही, सायकल नाही, पायी चालणारा नाही. माणसं जास्त मरतात ती झुडपांच्या कुंपणांमधून वळणं घेत जाणाऱ्या, दिसायला सुंदर अशा गावरस्त्यांवर. भीती आपल्याला सुरक्षित जागेवरून उचलून धोक्याच्या जागी नेऊन ठेवते आणि वर सांगते, बघ, मी तुझी काळजी घेतली.

बरं, हे कुणी शिकवलेलंही नसतं. भारतातलं लायसन्स इथे बारा महिने चालतं. स्टिअरिंग उजवीकडे, वाहतूक डावीकडून, सगळं आपल्यासारखंच, त्यामुळे आपण निर्धास्त असतो. पुढे इथली परीक्षा देतो, तर तीत सहसा मोटरवे येत नाही. 2018 च्या जूनपर्यंत तर शिकाऊ माणसाला मोटरवेवर जायलाच बंदी होती. आता मान्यताप्राप्त शिक्षकाबरोबर, दोन्हीकडे ब्रेक असलेल्या गाडीतून जाता येतं. म्हणजे त्याआधीच्या पिढ्यांनी लायसन्स हातात पडल्यावर हा प्रवेश आपापला, एकट्याने शिकून घेतला. घाबरणाऱ्याला भित्रट म्हणण्याआधी हे लक्षात घ्यायला हवं.

मी लायसन्स मिळाल्यानंतर खास मोटरवेसाठी शिकवणी लावली. शिकवणाऱ्या बाई साठीच्या, कमी बोलणाऱ्या. पहिल्याच दिवशी त्यांच्या लक्षात आलं की माझी भीती डोळ्यांत नाही, कानात आहे. स्लिप रोडवर त्या म्हणाल्या, तिसऱ्या गिअरमध्येच राहा आणि पाय दाबून ठेव. मी दाबला. इंजिनाचा आवाज चढत गेला तसा माझा पाय आपोआप वर आला आणि हात चौथ्या गिअरकडे गेला. त्यांनी माझा हात हलकेच परत स्टिअरिंगवर ठेवला. माझ्या कानात बाबा होते. पेट्रोल वाचवायचं तर गिअर लवकर बदलायचा, गाडीला ओढायचं नाही, इंजिन ओरडलं म्हणजे गाडीला त्रास होतोय. आमच्या घरात गाडी हप्त्यांवर आलेली होती आणि दसऱ्याला तिला झेंडूचा हार घातला जायचा. तिला ओरडायला लावणं मला जमणार कसं? बाईंनी इंजिनाच्या फेऱ्या दाखवणाऱ्या काट्याकडे बोट केलं. चार हजार. लाल पट्टा अजून बराच पुढे होता. इंजिन ह्यासाठीच बनवलेलं असतं, त्या म्हणाल्या, आत्ता ते त्याचं काम करतंय. तो चढत जाणारा आवाज त्रासाचा नसून ताकदीचा आहे हे कानाला पटायला वेळ लागला. पटलं त्या दिवशी निम्मं काम झालं.

उरलेलं निम्मं लॉरीने केलं. अवजड लॉऱ्यांना इथे वेगाची कुलपं लावलेली असतात. ताशी 56 मैल, म्हणजे 90 किलोमीटरच्या पुढे त्या जाऊ शकत नाहीत. डावीकडच्या पहिल्या लेनमध्ये बहुतेक ह्याच असतात. म्हणजे स्लिप रोडच्या शेवटी आपल्याला सत्तर मैलांच्या प्रवाहात उडी मारायची नसते, 56 शी जुळवून घ्यायचं असतं. आणि वेग जुळला की एक विलक्षण गोष्ट घडते. शेजारची लॉरी थांबते. दादरहून सुटलेल्या दोन लोकल शेजारच्या रुळांवर एकाच गतीने धावायला लागल्या की समोरच्या डब्यातला माणूस कोणतं पान वाचतोय तेही दिसतं ना, तसं. लॉरीच्या चाकांवरचे नट, ताडपत्रीची फडफडणारी कड, ड्रायव्हरच्या खिडकीतला मग, सगळं स्थिर. दोन लॉऱ्यांमधली मोकळी जागाही मग पळत नाही, जिथल्या तिथे थांबून राहते आणि आपण तिच्यात सरकतो. घाबरलेला माणूस नेमकं उलट करतो. तो हळू होतो. जितका हळू, तितक्या शेजारच्या गाड्या वेगाने अंगावर आल्यासारख्या वाटतात, आणि तो आणखी हळू होतो. लेनच्या टोकाला थांबलेली गाडी ही ह्या सगळ्या खेळातली सर्वांत धोक्याची अवस्था, आणि ती अतिसावधपणातून येते.

एम-1 चा आमच्या इथला भाग मूळ, पहिल्या टप्प्यातला. 2 नोव्हेंबर 1959 ला तो उघडला तेव्हा त्यावर वेगमर्यादा नव्हती आणि मधला कठडाही नव्हता. मोटरवे कसा असतो हे बहुतेक चालकांना ठाऊकच नव्हतं. त्या दिवशी सुसाट जाणाऱ्या गाड्या पाहून परिवहनमंत्री अर्नेस्ट मार्पल्स स्वतः धास्तावले होते. मला ही गोष्ट कळली तेव्हा फार धीर आला. सत्तर मैलांची मर्यादा 1965 च्या डिसेंबरात आधी प्रायोगिक म्हणून आली, 1967 मध्ये कायम झाली. कठडे नंतर आले. ह्या रस्त्यावरची प्रत्येक सोय कुणाच्यातरी भीतीला दिलेलं उत्तर आहे, असं मला आता दिसतं. निळ्या पाट्यांचंच घ्या. जॉक किनेर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट ह्या दोघांनी 1958 च्या प्रेस्टन बायपाससाठी, म्हणजे इथल्या पहिल्यावहिल्या मोटरवेसाठी त्या घडवल्या. गावांची नावं सगळी कॅपिटल अक्षरांत न लिहिता पहिलं अक्षर मोठं आणि पुढची लहान ठेवली, कारण त्याने शब्दाला आकार येतो आणि तो आकार अक्षरं लागण्याआधीच ओळखू येतो. बाहेर पडायचं वळण येण्याआधी तीन पट्ट्या, दोन पट्ट्या, एक पट्टी, शंभर-शंभर यार्डांवर. आयत्या वेळी गडबड होऊ नये म्हणून कुणीतरी इतका विचार आधीच करून ठेवला आहे.

गेल्या वर्षी माझी मामेबहीण इथल्या हॉस्पिटलात नोकरीला आली. पुण्यात तिने स्कूटर आणि गाडी दोन्ही बिनधास्त चालवलेली. पण बारा महिने संपून, इथली परीक्षा पास होऊनसुद्धा जंक्शन 14 ची पाटी दिसली की तिची बोटं स्टिअरिंगवर अशी आवळायची की नखं पांढरी पडायची. एका रविवारी सकाळी, रस्ता रिकामा असताना, आम्ही दक्षिणेकडे निघालो. फक्त पुढच्या जंक्शनपर्यंत. मी तिला शिकवलं नाही. बाईंनी मला सांगितलेलं तेवढंच क्रमाने बोलत राहिले. आरसा. इंडिकेटर लवकर. उजव्या खांद्यावरून एक नजर, एकच. त्या निळ्या लॉरीच्या पुढे की मागे ते आत्ताच ठरव, टोकाला गेल्यावर नको. "मागे," ती म्हणाली. पाय दाबला, इंजिन चढलं, तिने ओठ आवळले पण पाय काढला नाही. लॉरी मागे पडता पडता थांबली, शेजारी आली, जरा पुढे गेली. तिच्या मागून येणारी दुसरी लॉरी इंडिकेटर देऊन दुसऱ्या लेनमध्ये सरकली आणि जागा दुप्पट झाली.

"ताई, तो माझ्यासाठी सरकला?"

सरकायची त्याच्यावर सक्ती नसते. मोटरवेवर आधीपासून असलेल्याचा हक्क पहिला, हा नियमच आहे. पण त्याने काचेतून तिचा इंडिकेटर पाहिला होता आणि तीही वेग धरून येत होती, म्हणून त्याला काय करायचं ते कळलं. आपला इरादा दुसऱ्याला लांबून वाचता आला की अनोळखी माणसंसुद्धा बरीच मदत करतात. पुढचा मैलभर ती पहिल्याच लेनमध्ये राहिली, कुणाला ओलांडायचं नाही असं आम्ही ठरवलंच होतं.

आता तिला अंधारात जायचं आहे, कारण इथल्या डिसेंबरात चार वाजायच्या आतच सूर्य मावळतो आणि मामा-मामींचं विमान हीथ्रोला संध्याकाळी उतरणार आहे. रात्रीच्या स्लिप रोडबद्दल मी तिला सांगून ठेवलंय. रस्त्यावर डोळ्यांसारखे चमकणारे खडे असतात, हॅलिफॅक्सच्या पर्सी शॉने 1934 साली पेटंट घेतलेली कल्पना. त्याच्या मूळ रचनेत चाक वरून गेलं की रबर दबून पावसाच्या पाण्याने काच पुसली जायची. डाव्या कडेला लाल, लेनच्या मध्ये पांढरे, दुभाजकाशी पिवळसर, आणि स्लिप रोड जिथे मोटरवेला लागतो तिथे हिरवे. दिवे नसले, पाऊस असला तरी हिरव्याची रांग दिसली की शिरायची जागा तिथे आहे असं समजायचं. हीथ्रोसाठी एम-1 वरून एम-25 वर जायचं तर मध्ये थांबा नाही, एका स्लिप रोडने उतरून दुसऱ्याला लागायचं. ते आम्ही ह्या महिन्यात दोनदा तरी करून बघणार आहोत, एकदा उजेडी आणि एकदा दिवेलागणीनंतर.

आणि परत येताना मामाला पुढच्या सीटवर बसवायचं नाही, एवढं मी तिला बजावलं आहे. तो शेजारी बसला की पायाने नसलेला ब्रेक दाबतो आणि दाराची कडी धरून ठेवतो. घाबरलेल्याची भीती चालवणाऱ्याच्या हाताला लगेच लागते. मामीला पुढे घे. ती गाडी सुटताच थर्मास उघडून गप्पांना लागेल, आणि जंक्शन आलं की गप्प बसायचं हे तिला न सांगता कळेल.