काळी चार

२४ ऑक्टोबर २०२३, दसरा
सोनं द्यायला पुतण्या आला आणि पायावर डोकं ठेवता ठेवताच म्हणाला, "काका, आम्ही बँड काढतोय." मी म्हटलं, "वरातीचा का?" तोंड एवढंसं झालं त्याचं. चौघंजण आहेत. एक खरंच वरातीत ड्रम वाजवतो. दुसरा नांदेडला शिकून आला, आता हळदीच्या अडतीवर हिशेब बघतो, गिटार त्याची. तिसरा नर्सीकडचा, घरात आजोबांपासून भजन. चौथा हा आमचा पुतण्या, बेस गिटार हप्त्यावर उचललीय, बापाला अजून पत्ता नाही. "इंडी पॉप" करायचंय म्हणे. इंडी म्हणजे काय, तर कंपनी नाही, मालक नाही. गाणी आपली, खर्च आपला. म्हटलं, मग हे भजनी मंडळच झालं की.

२९ ऑक्टोबर, रविवार
तालमीला गेलो. जागा अडत्याच्या गोदामात. नवी हळद फेब्रुवारी-मार्चशिवाय येत नाही, तोवर अर्धं गोदाम मोकळं. पण वास जात नाही. वर पत्रे, झांज वाजली की आवाज दोनदा ऐकू येतो. मग पोरांनी पोत्यांची थप्पी भिंतीला लावली, तेव्हा कुठे गाणं कानात शिरलं.
गाणं मात्र पुण्याचं. तिथल्या 'ईझी वाँडरलिंग्स' या बँडचं यांना वेड आहे. मलाही मोबाइलवर ऐकवलं. हळुवार गिटार, व्हायोलिन, बासरी, कुणाला ओरडायची घाई नाही. चांगलंय. पण ते इंग्रजीत गातात आणि आमचा नर्सीचा गडी तोच लाडिक आवाज काढायला गेला की अंगाला न येणारा सदरा घातल्यासारखा दिसतो. तोंडावर बोललो नाही. घरी येऊन इथे लिहितोय.

५ नोव्हेंबर, रविवार
आज पेटी घेऊन गेलो. गायकाला म्हटलं, तू घरी गातोस तसं गा. तो म्हणाला, काळी चार द्या. पेटीची चौथी काळी पट्टी धरून सा दिला. गडी सुटला तो थेट पत्र्यालाच जाऊन भिडला! गेल्या रविवारी हाच माणूस कुजबुजत होता.
आता पंचाईत गिटारवाल्याची. काळी चारमध्ये त्याची बोटं अडतात. बराच वेळ डोकं खाजवून त्यानं कॅपोचा चिमटा चौथ्या पट्टीवर लावला आणि 'ई'चा सोपा आकार धरला. झाली काळी चार. तरी कुठंतरी खुपत होतंच. मोबाइलवरचा ट्यूनर सांगतो, गिटार बरोबर. कान सांगतो, नाही. माझी पेटी वडिलांच्या वेळची, किंचित चढी आहे. पेटीचे सूर काही खुंटी पिळून उतरत नाहीत. शेवटी पोरानं ट्यूनर बंद केला, पेटीला कान लावला आणि सहाही तारा एकेक करून वर घेतल्या. शेवटची तार जुळली तेव्हा कुणीच काही बोललं नाही. ड्रमवाला तेवढा हसला.
त्याचंही एक सांगायचं राहिलं. तो दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर दणका द्यायचा. आज दणका सोडला, पखवाजाची धुम पडते तिथं पायाचा ड्रम टाकला आणि हाय-हॅट टाळासारखा उघडा-मिटा वाजवला. भजनातली धुमाळीच, फक्त बूट घातलेली.

९ नोव्हेंबर
गोदामाशेजारच्या गृहस्थांची तक्रार आली, रात्री आठनंतर बंद. पोरं चिडली. त्यांना औंढ्याच्या नागनाथाच्या देवळाची गोष्ट सांगितली. संत नामदेवांच्या कीर्तनाचा त्रास होतो म्हणून त्यांना देवळामागे बसवलं, तर देऊळच फिरलं म्हणतात. नंदी मागे का, याचं उत्तर तिथं आजही हेच मिळतं. पुतण्या म्हणाला, "काका, गोदाम फिरणार नाही." खरंय. आठला बंद.

१५ नोव्हेंबर, भाऊबीज
तालीम नाही. मुंबईच्या 'अभंग रिपोस्ट' या बँडचे व्हिडिओ बघितले. अभंगांना गिटार, बेस, ड्रम. पोरं हिरमुसली, "हे तर आधीच कुणीतरी केलंय." अरे, १२७० साली जन्मलेल्या नामदेवांचे शब्द साडेसातशे वर्षं कुणी ना कुणी आधी गायलेलेच आहेत. पंजाबात गेले तर गुरू ग्रंथ साहिबात ६१ पदं जाऊन बसली. आणि त्या घरात आई, बायको, पोरं, जनाबाई, सगळीच रचणारी. अख्खं घर म्हणजे बँड. तुम्ही चौघांत अडलात?

२० नोव्हेंबर, सोमवार
पहाटे पाचच्या सुमारास जमीन हलली. ३.५ चा धक्का. भांडी वाजली, आम्ही अंगणात. वसमतकडे पांगरा शिंदे गावचे लोक तर वर्षानुवर्षं जमिनीतला गूढ आवाज ऐकत आलेत. पुतण्याचा फोन, "काका, बेस ऐकला का?" रागावलो. मग हसू आलं.

२३ नोव्हेंबर, कार्तिकी एकादशी
नामदेवांची जयंती. नर्सीला गायकाच्या ओसरीवर पोरांनी तीन गाणी म्हटली. दोन स्वतःची, एक अभंग. माइक एकच. बायका दारात, म्हातारे खाटेवर. त्याचे आजोबा शेवटपर्यंत डोळे मिटून बसले होते. गाणं संपल्यावर एवढंच म्हणाले, "टाळ कमी पडला."
रविवारी टाळाचे दोन जोड घेऊन जायचे आहेत.