गळ, माशी आणि पंचांग

मासे पकडण्याच्या प्रवासाची आंखणी शाकाहारी घराच्या माजघरांत व्हावी, आणि ती करणाऱ्यानें उभ्या जन्मांत माशाला बोट लावलेलें नसावें, हें ऐकून वाचकांस हंसूं आल्यास आम्हांस राग नाहीं. गोष्ट मात्र खरी आहे. श्रावणापासून आमच्या हिंगोलीच्या घरीं हाच विषय चालला आहे. आमचा थोरला नातू बंगळुरास नोकरीस असतो. गणपतींत दोन दिवस येतो, आरतीला उभा राहतो, "बरा आहेस ना?" या प्रश्नास "हो, आजोबा" एवढें उत्तर देतो, आणि पुन्हां मोबाइलांत डोळे घालतो. त्याला दुसरें काय विचारावें हें आम्हांस सुचत नाहीं, व आम्हांस काय सांगावें हें त्याला सुचत नाहीं. या नातवानें श्रावणांत आम्हांस चार पानांचें पत्र पाठविलें, आणि तें स्वतःच्या हस्ताक्षरांत!

पत्राचा आशय असा कीं, दोन वर्षांपासून तो कृत्रिम माशीनें मासे धरण्याची विद्या शिकत आहे. हिमाचल प्रदेशांतील कुलू जिल्ह्यांत बंजार म्हणून डोंगरांतलें लहानसें गांव आहे. तेथें मुक्काम ठेवून तीर्थन नदीवर आठ दिवस घालवावे, असें त्याच्या मनांत आहे. शेवटीं लिहिलें होतें : "आजोबा, शाळेच्या सहलींचीं वेळापत्रकें तुम्हींच करीत होतां. हेंही तुम्हींच करा, आणि बरोबर या." पत्र देवघरापुढें मोठ्यानें वाचून दाखविल्यावर घरांत जो कोलाहल झाला, त्याकडे पुढें वळूं.

ही विद्या काय आहे तें आधीं सांगितलें पाहिजे. कयाधूच्या डोहावर भोई गळ टाकतो, तो गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावून. गळाजवळ शिशाचा मणी असतो. त्याच्या वजनानें दोरी पाण्यांत जाते. नातवाच्या विद्येंत आमिष असें नसतेंच. बारीकशा गळाभोंवतीं पीस, लोकर व रेशमी दोरा गुंडाळून पाण्यावर बसणाऱ्या किड्याची प्रतिकृति करावयाची. तिला वजन नाहीं. म्हणून दोरीच वजनदार केलेली असते, आणि लवचिक काठीच्या साहाय्यानें ती चाबकाप्रमाणें मागें-पुढें फिरवून माशी अलगद पाण्यावर उतरवावयाची. ही कला आजची नव्हे. एलियन नांवाच्या रोमन ग्रंथकारानें सुमारें अठराशें वर्षांपूर्वीं मॅसिडोनियांतील लोक तांबडी लोकर व पिसें गळाला बांधून मासे धरीत असें लिहून ठेविलें आहे. दिवाळींत नातवानें आमच्या गच्चीवर हा प्रयोग करून दाखविला. गळाऐवजीं लोकरीचा तुकडा बांधला होता, तरी धाकट्या भावजयीच्या वाळत घातलेल्या साडीशीं दोरीचें जें कांहीं झालें तें सोडविण्यांत अर्धा तास गेला.

आम्हांस या प्रकरणांत गोडी लागली ती संस्कृताच्या वाटेनें. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें ११३१ च्या सुमारास 'मानसोल्लास' नांवाचा प्रचंड ग्रंथ रचला. राज्य कसें चालवावें येथपासून तों पाकक्रिया, हत्ती, घोडे, संगीत येथपर्यंत सर्व कांहीं त्यांत आहे. राजाच्या करमणुकींच्या भागांत 'मत्स्यविनोद' या नांवाचें एक प्रकरणच आहे! समुद्रांतील मासे कोणते, नदींतील कोणते, खवल्यांचे व बिनखवल्यांचे कोणते, कोणास कोणतें खाद्य टाकून एके ठिकाणीं गोळा करावें, दोरी कशाची करावी, काठी कशी असावी, हें त्यानें लिहिलें आहे. हा ग्रंथ श्रीगोंदेकरांनीं संपादिला व बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेनें १९२५ पासून तीन भागांत छापला. सोमेश्वराची कल्याणी म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यांतील बसवकल्याण. आमच्या मराठवाड्याच्या शेजारचें गांव. अमरकोशांत गळास 'बडिश' म्हणतात हें आम्हीं चाळीस वर्षें मुलांकडून घोकून घेतलें; त्या शब्दाची वस्तु पाहण्याचा योग नातवामुळें आला.

आमचा पहिला विचार असा कीं, एवढ्या लांब जावेंच कशाला? डोंगरांतलें गांव हवें, तर लोणावळें काय वाईट? तेथें टाटांच्या वळवण येथील केंद्रांत गेल्या शतकाच्या सत्तरच्या दशकापासून महसीर माशाची कृत्रिम पैदास केली जात आली, डॉ. चं. वि. कुलकर्णी व ओगले या आपल्याच लोकांनीं तें शास्त्र तेथें वाढविलें. दख्खनच्या महसीराची नोंद कर्नल साइक्स यानें १८३९ सालीं केली, ती पुण्याजवळच्या नदींतील माशावरून. त्याचें 'खुद्री' हें देशी नांवच त्यानें शास्त्रीय नांवांत घातलें. परंतु नातवाचें म्हणणें पडलें कीं, माशीवर खरी कसोटी लागते ती ट्राउट माशाची, आणि ट्राउट महाराष्ट्रांत नाहीं. त्याला थंड पाणी लागतें. उष्णता वीस अंशांच्या पलीकडे गेली कीं त्याचे हाल होतात. आमची कयाधू वैशाखांत किती तापते हें काय सांगावें! शिवाय महाडजवळ वाळणकोंडीच्या डोहांत जे महसीर आहेत ते देवीचे मासे. त्यांस लोक कुरमुरे घालतात, गळ नाहीं. तेव्हां महाराष्ट्र सुटला.

ट्राउट हाही हिंदुस्थानचा मूळ रहिवासी नव्हे. इंग्रजांनीं १९०० सालीं त्याचीं अंडीं बोटीनें आणून काश्मीरांत उबविलीं. तत्पूर्वीं आणलेलीं वाटेंतच मेलीं होतीं. काश्मीरांतून तो १९०९ च्या सुमारास कुलूच्या खोऱ्यांत आला. तीर्थन ही बियासची उपनदी. ती हिमाच्छादित शिखरांच्या पायथ्यापासून निघून बंजारच्या बाजूनें खालीं येते व लारजीपाशीं बियासला मिळते. तिचा वरचा भाग ज्या राष्ट्रीय उद्यानांत आहे त्यास २०१४ सालीं युनेस्कोनें जागतिक वारशाचा मान दिला.

आतां पंचांग. वेळापत्रक करण्याचें काम ज्याला सोपें वाटतें त्यानें एकदां एकत्र कुटुंबांत बसून करून पाहावें. हिमाचलांत ट्राउट धरण्यास १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर बंदी असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ. एप्रिल संपत आला कीं ऊन तापून बर्फ वितळूं लागतें, नदी चढते व गढूळ होते. गढूळ पाण्यांत माशाला माशी दिसणार कशी? जुलै-ऑगस्टांत पाऊस. २०२३ च्या जुलैंत बियासला जो पूर आला त्यांत कुलूचे रस्ते व पूल वाहून गेले, हें सर्वांनीं पाहिलें आहे. उरला सप्टेंबर-ऑक्टोबर, आणि मार्चपासूनचे सहा-सात आठवडे. नातवास सप्टेंबर फार आवडता. पाणी नितळ, हवा गार. परंतु सप्टेंबरांत आमच्याकडे काय काय असतें? गणपति, गौरी, मग पितृपंधरवडा. वडिलांच्या तिथीस पिंडदान करावयाचें आणि दुसऱ्या दिवशीं गळ घेऊन नदीवर जावयाचें, हें आमच्यानें होणार नाहीं. पुढें घटस्थापना. मग आम्हीं कोजागरीनंतरचे दिवस धरले. तों पंचांगांत अधिक मास निघाला! अधिक मास आला कीं त्यापुढचे सण लांबतात. कोजागरीच ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यांत, आणि इकडे ३१ तारखेस नदीचें दार बंद. मात्र त्याच अधिक मासामुळें त्या वर्षींचा पाडवा लवकर येतो. तेव्हां रामनवमीचें पारणें झालें कीं निघावें, बर्फ वितळण्यापूर्वीं परतावें, असें ठरलें. नातू म्हणाला, "आजोबा, अधिक मासाचा असा उपयोग कुणी केला नसेल."

घरांतील कोलाहलाकडे आतां वळतों. आमच्या कुटुंबाचा प्रश्न एकच होता : "खायचा नाहीं तर पकडायचा कशाला? आणि सोडून द्यायचा, तर आधीं त्याला टोचायचें कशाला?" नातवानें पुष्कळ सांगितलें. गळाचा कांटा दाबून गुळगुळीत केला म्हणजे जखम लहान होते. मासा पाण्याबाहेर काढावयाचा नाहीं. हात ओले करूनच धरावयाचा, कोरड्या हातानें त्याच्या अंगावरील बुळबुळीत थर निघतो व त्यास रोग होतो. तीर्थनवर जलविद्युत् प्रकल्प होऊं नयेत म्हणून माजी आमदार दिलाराम शबाब व तेथील लोक न्यायालयापर्यंत भांडले आणि नदी मोकळी राहिली. मासा हवा असणारे लोक होते म्हणून नदीचा कैवारही घेतला गेला, असाही त्याचा मुद्दा. मुद्दा खोटा नाहीं. परंतु आमच्या मतें तो कुटुंबाच्या प्रश्नाचें उत्तर नव्हे. भोई पोरांच्या पोटासाठीं जाळें टाकतो, त्यांत आम्हांस दोष दिसत नाहीं. करमणुकीसाठीं टोचून सोडणें ही दया आहे असें म्हणवत नाहीं. सोमेश्वरानें निदान आपल्या प्रकरणास 'विनोद' म्हटलें, धर्म म्हटलें नाहीं. हें आम्हीं नातवास स्पष्ट लिहिलें. तो रागावेल असें घरांत सर्वांस वाटलें. त्यानें लगेच उलट दोन पानें लिहिलीं, आणि आम्हीं चार. वादाच्या निमित्तानें त्या तीन महिन्यांत जेवढें लिहिणें झालें, तेवढें मागल्या दहा वर्षांत बोलणें झालें नव्हतें.

शेवटीं ठरलें तें असें. गळ तो धरील, आम्ही धरणार नाहीं. आम्ही तीरावर बसून किडे टिपूं. हें हलकें काम समजूं नये. ज्या दिवशीं नदीवर जो किडा असेल त्याचीच प्रतिकृति माशाला पटते. म्हणून मासा धरणाऱ्याच्या आधीं किडे पाहणारा लागतो. या कामाचा सराव आम्हीं दिवाळींत कयाधूवर केला. नरसी नामदेवाच्या बाजूस पाणी थोडें वाहतें होतें. नातू गुडघाभर पाण्यांत उतरून दगड उलटे करी व आम्हांस दाखवी. दगडाच्या खालच्या अंगास नखाएवढे चपटे किडे चिकटलेले, मागें तीन बारीक शेपट्या. पाण्यांत महिनेच्या महिने काढून तो एके दिवशीं वर येतो, पंख फुटतात, आणि मग दिवस-दोन दिवसांत मरतो. पंख फुटल्यावर त्याला खावयास उपयोगी तोंडच नसतें! याच्या ग्रीक नांवाचा अर्थही 'एका दिवसाचा' असाच आहे. अडुसष्ट वर्षें या नदीच्या कांठीं गेलीं, स्नानें झालीं, संध्या झाल्या. दगडाखालीं हा प्राणी राहतो हें आम्हांस कुणीं सांगितलें नव्हतें, आणि आम्हीं कुणा विद्यार्थ्यास सांगितलें नाहीं. शहराच्या खालच्या बाजूस, जेथें गटारांचें पाणी मिळतें, तेथेंही आम्हीं दगड उलटून पाहिले. तेथें तीन शेपट्यांचा एकही नव्हता. तांबडे अळ्यांसारखे किडे मात्र चिखलांत वळवळत होते. नातू म्हणाला, हे पाहिले कीं पाणी तपासावयास प्रयोगशाळा लागत नाहीं. वहींत आम्हीं दोन्ही ठिकाणच्या नोंदी तारीखवार केल्या आहेत; दर पौर्णिमेस पुन्हां करावयाच्या असें ठरविलें आहे.

राहिला मार्ग. परभणीहून सचखंड एक्स्प्रेसनें अमृतसर. येथें एक वांकडी वाट आम्हीं हट्टानें घातली आहे. कयाधूकांठच्या नरसीचे नामदेवमहाराज पंजाबांत जाऊन गुरुदासपूर जिल्ह्यांतील घुमान येथें राहिले. त्यांचीं एकसष्ट पदें शिखांच्या ग्रंथसाहेबांत आहेत, आणि २०१५ सालीं मराठी साहित्यसंमेलनही घुमानांत भरलें होतें. नरसीचा मनुष्य पंजाबापर्यंत जाऊन घुमान चुकवितो, हें शोभणार नाहीं. तेथें दोन रात्री. मग पठाणकोट व मंडीवरून औट. औटचा जवळजवळ तीन किलोमीटर लांबीचा बोगदा लागण्यापूर्वींच बंजारचा रस्ता फुटतो, हें गाडीवाल्यास आधीं सांगून ठेवावें लागेल. मत्स्यविभागाचा परवाना तेथें गेल्यावर काढावयाचा. गरम कपडे, आमचीं गुडघ्याचीं तेलें, भिंग, वही. काठी चार तुकड्यांत सुटते व नळींत बसते, म्हणून गाडींत अडचण नाहीं.

दोन तिकिटें काढावयाचीं होतीं. स्थानकावर जाण्यास निघालों, तेव्हां कुटुंबानें स्वयंपाकघरांतूनच सांगितलें, "घुमानपर्यंत मी येतें. पुढचें पुढें बघूं." भावजयही तयार झाल्या. तिकिटें चार काढलीं आहेत, अमृतसरपर्यंतचीं. बंजारला किती जण पोंचतात तें चैत्रांत कळेल.