आजी, हादरा आणि आयनोस्फिअर

परवा शनिवारी दिंडोरीला घरी होतो. डोळा लागतोय तोच मांडणीवरची भांडी खणखणली. दोन-तीन सेकंद, बस्स. ट्रक गेला असेल म्हणत मी कूस बदलली. आजी मात्र उठून अंगणात जाऊन बसली. "ट्रक खालून जातो व्हय रे?"

दिंडोरी, पेठ, सुरगाणा, कळवण या पट्ट्यात बारके धक्के नवे नाहीत. नाशिकला दिंडोरी रोडवरच्या 'मेरी'त त्यांची नोंद होते आणि आपण विसरतो. आजी विसरत नाही. घर दगड-मातीचं आहे, आणि 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे किल्लारीत लोक अशाच भिंतींखाली गेले.

सकाळी चुलतभावाने व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज वाचून दाखवला: भूकंप व्हायच्या आधीच सॅटेलाइटला आकाशात कळतं म्हणे! आजी माझ्याकडे वळली. "तू कॉम्प्युटरवाला ना? मग आम्हाला का नाही सांगत?"

आता आली का पंचाईत :-) बसलो वाचत.

मेसेजमध्ये अर्धं खरं निघालं. जमीन वर-खाली झाली की वरची हवा ढकलली जाते आणि लाट आकाशाकडे निघते. वर हवा विरळ होत जाते, पण ऊर्जा तेवढीच, त्यामुळे लाट हजारो पटींनी फुगते. आठ-दहा मिनिटांत ती अडीचशे-तीनशे किलोमीटरवर, आयनोस्फिअरमध्ये पोचते आणि तिथले इलेक्ट्रॉन हलवते. जीपीएसचे सिग्नल त्यातूनच खाली येतात. दोन फ्रिक्वेन्सींना होणारा उशीर वेगवेगळा असतो, त्या फरकावरून इलेक्ट्रॉन मोजता येतात. म्हणजे आपल्याला पिझ्झावाल्याचा पत्ता दाखवणारी सिस्टिम फुकटात भूकंपही टिपते! 25 एप्रिल 2015च्या नेपाळच्या भूकंपाची अशी लाट नवी मुंबईच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी अभ्यासली. स्फोटाचंही तेच. 4 ऑगस्ट 2020ला बैरूतच्या बंदरात अमोनियम नायट्रेट उडालं, त्याची आकाशातली खूण राउरकेला एनआयटीच्या संशोधकांनी जपानी सहकाऱ्यांबरोबर शोधली.

पण हे सगळं नंतर. भिंत पडून आठ-दहा मिनिटं झाल्यावर आकाशाला कळतं. किनाऱ्यावर त्सुनामी यायला वेळ असेल तर त्याचा उपयोग आहे, आजीला नाही. 'आधी कळतं'चे दावे बरेच आहेत, पण भरवसा ठेवावा असं एकही तंत्र अजून नाही. शिवाय वर स्पष्ट खूण उमटायला साधारण साडेसहाच्या पुढचा भूकंप लागतो. आमचा दिंडोरीचा हादरा मांडणीच्या वर गेलाच नसणार.

हे सगळं आजीला सांगितलं. तिने ऐकून घेतलं. "म्हंजे नाही कळत."

नाही कळत.

दुपारी पुण्याची बस धरायच्या आधी तिच्या खाटेवरच्या फळीवरचे दोन पितळी हंडे आणि वरवंटा खाली काढला, खाट त्या भिंतीपासून लांब दाराशी सरकवली. आजी उंबऱ्यात बसून बघत होती.

"सॅटेलाइटने सांगितलं का?"