म्बाशे नदीच्या काठी

दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप प्रांतात जून महिना लागला की वस्त्यांपासून दूर, टेकड्यांच्या उतारावर लहान झोपड्या उभ्या राहतात. तिकडे तो हिवाळा. शाळेच्या सुट्टीत खोसा समाजातील मुलगे 'उलवालुको' नावाच्या पुरुषत्वसंस्कारासाठी तेथे जातात. सुंता होते, अंगाला पांढरी माती फासून, घोंगडी पांघरून ते काही आठवडे राखणदाराच्या देखरेखीखाली राहतात. स्त्रियांना तेथे मज्जाव. शेवटी नदीत स्नान होते, झोपडी जुन्या वस्तूंसह जाळली जाते आणि मुलगे मागे वळून न पाहता गावाकडे निघतात.

म्बाशेच्या काठी १९३४ साली नेल्सन मंडेला याच संस्काराला सामोरे गेले. पाते फिरताच 'मी पुरुष आहे' असे ओरडायचे असते. इतर मुले आपल्यापेक्षा तत्परतेने ओरडली, याची लाज वाटल्याचे त्यांनी आत्मचरित्रात लिहिले आहे. मंडेलांचीही ही गत, तर इतरांचे काय!

'दीक्षा' हा शब्द येथे योजण्याचा मोह होतो. परंतु दीक्षा न घेणाऱ्या श्रावकाची प्रतिष्ठा उणी होत नाही. खोसा समाजात संस्कार न झालेला माणूस चाळिशीतही 'पोरगा'च. पुरुषांच्या बैठकीत त्याच्या शब्दाला किंमत नाही. रुग्णालयात सुंता करून घेणाराही हिणवला जातो. त्यामुळे जखम चिघळली तरी मुलगा वेदना लपवतो. पहिले काही दिवस पाणीही तोडतात, आणि अशक्तपणा व जंतुसंसर्ग यांनी अनेक मुले दगावली आहेत. काहींना अवयव गमवावा लागला आहे. सवंगड्यांच्या चेष्टेला भिऊन घरी न सांगता अडाणी हातांखाली जाणारी मुलेही आहेतच.

प्रांताने २००१ मध्ये आरोग्यविषयक कायदा केला, देशाने २०२१ मध्ये. सोळा वर्षांखालील मुलाला मनाई झाली. थांडो म्गकोलोझाना यांनी २००९ मध्ये, बिघडलेल्या जखमेमुळे रुग्णालयात पोहोचलेल्या तरुणावर कादंबरी लिहिली. जे झोपडीबाहेर बोलायचे नाही, तेच त्यांनी छापले.

संस्कार पुरा करून आलेला तरुण तांबडी माती लावलेल्या चेहऱ्याने, नव्या जाकिटात, डोक्यावर टोपी घालून रस्त्याने चालतो. जुने कपडे त्याने वाटून टाकलेले असतात. रुग्णालयात पडलेल्या मुलाच्या घरीही तसेच जाकीट आणून ठेवलेले असते.